जावयाची चावी

चहा गाळून होईपर्यंत एक ऐका. लोककथांत सासरा जावयाची परीक्षा घेतो, ती बहुधा राजवाड्यात. आमच्या पाटील मास्तरांची परीक्षा मात्र सिल्वासात, आमली भागातल्या पेट्रोल पंपावर झाली.

सासरे खानदेशातून प्रथमच आले होते. त्यांना नव्या स्कूटरवर मागे बसवून मास्तर मोठ्या दिमाखात पंपावर थांबले. तेथे काही गिऱ्हाइके पैसे न देताच पसार झाल्यामुळे मालकाने नियम केला होता: आधी चावी जमा करायची, पैसे दिले की ती परत.

"पहिले चावी आपो, साहेब," पंपावरचा माणूस म्हणाला.

मास्तरांचा चेहरा उतरला. सासऱ्यांदेखत हा अविश्वास! "मी शाळेत शिकवतो. चोर दिसतो का तुला?"

"पळाले ते पण साहेबच होते, साहेब."

मास्तर रागाने स्कूटर वळवू लागले, तेव्हा मागून सासरे शांतपणे म्हणाले, "द्या ना चावी, जावईबापू. तो बिचारा पेट्रोलच देतोय. आम्ही तर पोरगी दिली. तेव्हा तुमचं काय ठेवून घेतलं होतं?"

पंपावरचा माणूस इतका हसला की चावी घ्यायचेच विसरला. मास्तरांनी ती आपण होऊन त्याच्या हातात ठेवली.