उंदीर आधी उठले

मन्हं माहेर प्रकाशा गावचं, तापीकाठचं, सासर शहाद्याचं. औषधांच्या कॉलेजात बारा वरीस झाले, पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुते, भुसा बदलते, पाणी ठेवते.

काय सांगू भाऊ तुम्हाला, लिहून घ्या, चूक मन्हीच शे. काही पिंजऱ्यांत मुंग्या शिरायच्या. आमच्याकडे गहू कोठीत भरताना पांढरी पावडर टाकतात, कीड लागू नये म्हणून, सासूने टाकली, मी टाकली, बंदी आली तरी जुना डबा घरात होताच. त्यातली मूठभर आणली अन् त्या पिंजऱ्यांच्या भुशात कालवली. मुंग्या गेल्या, मी खूश.

पंधरा दिवसांनी प्रयोगवाल्या सरांनी सगळ्या उंदरांना झोपेचं इंजेक्शन दिलं, सारखंच दिलं, तरी पावडरवाल्या पिंजऱ्यांतले कितीतरी आधी उठून बसले. सर तापले, म्हणे मावशी, पिंजरे अदलाबदल केले का? मी म्हटलं नाही हो, पावडर टाकली. सरांनी कपाळाला हात लावला, म्हणे मुंग्यांसोबत प्रयोगही मारला तुम्ही. मग समजावलं, ही पावडर चरबीत मुरते, लवकर निघत नाही, तिच्यामुळे लिव्हर औषध भराभर मोडून टाकतं, म्हणून झोप टिकली नाही.

ते ऐकलं अन् मला घरची कोठी आठवली. मन्ही पोर सुनीता, तिला फिट येते. गोळी मी स्वतः देते, समोर गिळायला लावते, तरी फिट येतेच, अन् डॉक्टरने कागदावर लिहिलं, गोळ्या चुकवते. कोठीतला गहू तीच काढे, तीच चाळे, पावडरीने कोपरापर्यंत पांढरी व्हायची!

गेले दवाखान्यात, उंदरांचं सगळं सांगितलं, म्हटलं साहेब, रक्तात गोळी किती उरते ते तपासा. हसले, म्हणे मावशी, पोर काय उंदीर शे का? सरांना विचारलं, ते म्हणे उंदरांवरून माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही, तपासावं लागेल, पण ते माझं काम नाही. मग कोणाचं हो? पोर का मन्ही एकटीची शे?

कोठी घासली, गहू फेकला. डबा बांधून ठेवलाय, कुठे द्यायचा तेही कोणी सांगत नाही.

सरांनी वहीत लिहिलं, उंदरांचा दोष नाही, भुशात पावडर होती. उंदरांना तेवढं तरी मिळालं. मन्ह्या पोरीच्या कागदावर अजून तेच शे. तुम्ही लिहू ऱ्हायनात ना भाऊ, तर एवढं लिहा, ती एकही गोळी चुकवत नाही. देव तुमचं भलं करो. थांबा जरा, आठ वाजले, तिला गोळी देऊन येते.