बोलतंय, पण मागं

...तर मी म्हणलो, बोलतंय ना ते? मग समोर येऊन बोलायला काय झालं त्याला! न्हाई, तुमीच सांगा! आमच्या पुनमनं, नातीनं, साखरा गावच्या नळाच्या पाण्याच्या पाळ्या लावायला संगणकावर प्रोग्राम केला. छान खिडकी, वर गल्ल्यांची नावं, खाली बटण. बटण दाबलं की आतली स्क्रिप्ट, म्हणजे तिनं लिहून ठेवलेला हुकूम, पाळी ठरवती. ठरवती बराबर! पण उत्तर कुठं? खिडकी कोरी, अन् उत्तर तिच्या मागच्या काळ्या चौकटीत. बोलतंय, पण मागं!

तुमाला सांगतो, दहा वाजता पंचायतीत दाखवायचं होतं. पसंत पडलं तर पोरगी गावातच कामाला, न्हाई तर पुण्याची बॅग भरलेली. मी दोन यत्ता शिकलेला, पण तिच्या शेजारून हललो न्हाई. पुनम करवादली, "आबा, काहून तकलीफ देऊन राहिले?" म्हणलो, बाई, हे तर तुझ्या आजीवानी झालं. शालूबाई नवी होती तवा माझ्या बापासमोर बोलायची न्हाई. चुलीपाशी बोलायची, अन् मी दारात उभा राहून तिचं बोलणं ओसरीवर पोचवायचो. तसा कोणी उभा कर की दारात!

पोरगी बघतच राहिली... अन् टकाटक टकाटक! आतलं जे बोलंल ते धरायचं अन् खिडकीत आणून टाकायचं, असा निरोप्याच लिहिला तिनं. एक गल्ली दाबून पाहिली... आलं! "मधली गल्ली, सकाळी सहा." समोर बोललं हो!

पंचायतीत सरपंच पद्माबाईंनी दाबलं ते 'सगळ्या गल्ल्या'. पाळ्या आल्या धडाधड, अन् शेवटी एक भलतीच ओळ... सारं गाव हसून राहिलं! मी आपला अक्षरं जुळवतोय, आ... बा... पुनमनं काम करताना, सगळ्या गल्ल्या संपल्या की काळ्या चौकटीत उमटावं असं स्वतःपुरतं स्क्रिप्टमधी लिहून ठेवलं होतं, तिथं कोण बघतंय म्हणून: "इथवर चाललं. आबा उठत न्हाईत. कोणीतरी यांना चहाला बोलवा." म्हणजे हेही बोलतच होतं, पण मागं!

पोरगी ठेवून घेतली पंचायतीनं, ते झालं. घरी येऊन शालूबाईला म्हणलो, "अगं, त्या निरोप्यानं एक शब्द गाळला न्हाई!" तर ही म्हणती, "तुमी मामंजींना माझं अर्धंच सांगत होता, म्हणून तर मी नांदले."

आता हे त्या यंत्राला कोणी शिकवावं?... मी आपला चहाला चाललो.