हातावर गोंदलेला शब्द

मालवणच्या स्टँडवर धामापूरची गाडी अजून लागायची होती. बाकावर नम्रता आणि गावातली तिची शेजारीण सावित्रीकाकी बसल्या होत्या; काकीच्या मांडीवर औषधांची पिशवी होती. काळा टी-शर्ट घातलेला एक परका तरुण काकीपाशी आला.

"आजी, धामापूरला वासुदेव गावकर राहतात ना? 'शेवाळ' बँडवाले?"

"ऱ्हवता. माझो झील तो. तू खंयचो?"

"नागपूरचा. बाप्पा! तुम्ही त्यांची आई? आमच्यासाठी देव आहे तो माणूस. भेटतील का?"

"भेटतलो, पण बोलाचो नाय. बँड मोडून इलो तेव्हापासून कोणाकडे बोलणा नाय. माझ्याकडे सुद्धा नाय. जेवण दारात ठेवतंय, रिकामा ताट भायर येता."

"शेवटच्या गाण्यात पण एकच शब्द आहे. त्यांनीच बनवलेल्या भाषेतला. आम्ही अजून अर्थ शोधतोय. हा बघा, मी तर हातावर गोंदवून घेतला."

"चष्मो घराक रवलो. वाचून सांग."

"आवशी."

"कसली भाषा, मेल्या! आवस म्हणजे आई. जीवाक सोसणा नाय झाला की माणूस म्हणता, गे आवशी."

तरुणाने हात मागे घेतला.

"गाणं मोबाइलवर आहे. ऐकता?"

"लाव. आवाज विसारलंय मी त्याचो."

गिटारी किंचाळल्या आणि थांबल्या. मग एक घोगरा आवाज आला. "गे आवशी... गे आवशी गेऽ..."

गाडी लागली. माणसं दाराकडे धावली.

"चल गे काकी," नम्रता म्हणाली.

काकी उठली नाही. मोबाइल तिने दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.

"ओ," ती म्हणत होती. "ओ रे वासू. ओ."