डॉक्टर काय म्हणाले

मॅकॅलन शहरातल्या एका दवाखान्यात ओफेलिया नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी बोलत होत्या.

"कसला गं हा अर्ज, इत्सेल?"

"उन्हाळी वर्गाचा, आमा. ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर झालं नाही, त्यांची मेडिकलच्या प्रवेशासाठी तयारी करून घेतात. आज शेवटचा दिवस."

"मग अडलंय कुठे?"

"डॉक्टर का व्हायचंय, ते लिहायचंय."

"बाबांचं लिही. अकरा वर्षांची होतीस, डॉक्टरांचं इंग्रजी आम्हाला स्पॅनिशमध्ये सांगायचीस."

"तेच लिहवत नाही. मी खोटं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाबांचे दोनच महिने उरलेत. मी तुम्हाला सांगितलं, औषधानं बरे होतील."

"ठाऊक आहे."

"तुला इंग्रजी कुठे येत होतं?"

"डॉक्टरांचा चेहरा दिसत होता ना. बाबांनाही कळलं. घरी येऊन म्हणाले, पोरीला काही बोलू नकोस, आपला विश्वास बसलाय असंच तिला वाटू दे."

ओफेलियानं हातातलं मासिक नुसतंच धरून ठेवलं.

"म्हणून औषध माझ्याच हातून घ्यायचे?"

"हो. पोटात ठरत नव्हतं, तरी तू शाळेला जाईपर्यंत उलटी कशीबशी रोखून धरायचे."