आमच्या ह्यांचं ‘नाही’

अगं, आमच्या ह्यांची बढती एका ‘नाही’पायी अडली होती! चिकलठाण्याच्या कारखान्यात जन्मभर ‘हो साहेब’ म्हटलेलं. नवी साहेब लेकीच्या वयाची. म्हणाली, “काका, माझं चुकलं तर ‘नाही’ म्हणा. तरच टीम तुमची.” ह्यांच्या तोंडून ते फुटेना. शेवटी मीच सोळा सोमवार धरले.

एका सोमवारी संध्याकाळी मी कहाणी वाचतेय, हे हातात अक्षता घेऊन बसलेले, तेवढ्यात तिचा फोन. “काका, लगेच येता?”

हे उठायला लागले. कहाणी अर्धी टाकून उठतात व्हय? मी नुसतं पाहिलं.

“नाही,” हे म्हणाले, “कहाणी संपल्याशिवाय नाही.”

ती केवढ्यानं हसली! “झालं काका, टीम तुमची.”

महादेव पावला गं. फक्त ‘नाही’ ऑफिसापुरतंच, एवढं त्याला सांगायचं राहिलं. काल म्हटलं, “गुलमंडीवरून बेल आणता?”

“नाही.”