गानं कमी अन् पंखाच जास्त

…नाई, मी म्हनतो, मानसानं आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसून संध्याकाळच्या दोन कव्वाल्या आयकू नाई का? गुन्हा हाये का? तुम्हाले सांगतो, मी किसनराव, मोताळ्याचा. सारी नोकरी लोकायचं आयकन्यात गेली, म्हनलं आता जरा गानं आयकू. तं आमच्या पोरानं, धम्मदीपनं, पुन्याहून त्याचं जुनं स्टिरिओ मशीन आनून देल्लं. रिसीव्हर म्हनते त्याले. काळं, जड, दोघायनं धरलं तवा उचलते. अन् त्याच्यावर भीमजयंतीच्या कव्वालीचा मुकाबला लावला, तं कव्वालानं टाळी वाजवली की आपल्याच कानाखाली वाजल्यावानी वाटे! हप्ताभर काय मजा आली बाप्पा… अन् मंग सुरू झालं, घर्रर्र. मशीन तापे, तापलं की त्याच्या पोटातला पंखा फिरे, पंखा फिरला की दारात सोयाबीनचं थ्रेशर लावल्यावानी आवाज. अन् तापत तापत मशीन टक् करून बंदच पडे, कुठं? तं बराबर कव्वाल आलाप घेते तिथं. गानं कमी अन् पंखाच जास्त.

आता आमच्या घरी हाये कलाबाई. माही बायको. तिले आवाजाचा लय तिटकारा. तिनं सांगून टाकलं, "इतवारी माह्या माहेरचे येऊन राह्यले. तोपावतर हा आवाज घराबाहेर गेला पायजे. नाई तं मशीन समाजमंदिरात देऊन देईन." अन् कलाबाई बोलली म्हंजे झालं समजा. मांगच्या साली माहा पलंग असाच गेला. मी दुपारचा झोपून उठलो, तोंड धुतलं, अन् पाहतो तं दारात टेम्पो. मले धडकीच भरली. खरं सांगतो, त्या मशीनमदी माहा जीव गुतला होता.

म्हनून शेजारच्या जानरावले बलावलं. जानराव म्हंजे कोनाचा मोटारपंप जळाला तरी तोच जाते, कोनाची सून रुसली तरी तोच. त्यानं मशीनले कान लावला, वरतून हात ठिवला, डोळे मिटले, अन् मंग म्हने, गर्मी हाये. म्हनलं भाऊ, गर्मी हाये ते मलेबी समजते, काऊन हाये ते सांग ना! तं म्हने, कूलर लावा. लावला! हॉलमदला मोठा पत्र्याचा कूलर, थेट मशीनच्या अंगावर. आता इकून कूलर घरघर करते, तिकून मशीन घरघर करते, अन् कव्वाल बिचारा दूर कोनाच्या वावरात उभा राहून बोंबलून राह्यला असं वाटे. वारा सारा मशीनले, आम्ही घरचे लोक घामानं वलेचिंब. कलाबाईनं पदरानं घाम पुसला अन् इतवाराले किती दिस राह्यले ते बोटावर मोजलं, त्याचं तं मले जास्त भेव वाटलं. गानं कमी अन् पंखाच जास्त, अन् आता तं दोन दोन पंखे.

मंग मीच पेचकस घेतला. मशीन खोललं, दात घासाच्या ब्रशनं पंखा साफ केला, शिलाई मशीनचं तेल घातलं. काय झालं? आवाज तेवढाच, वरतून घरभर वास, जसं काई आंदर भजे तळून राह्यले. शेवटी शनिवारी हात टेकले अन् मोबाईलवर धम्मदीपले मशीन दाखवलं. त्यानं पाह्यलं. मंग पुन्हा पाह्यलं.

"बाबा, मशीनच्या वरतं ते काय हाये?"

म्हनलं काय हाये, अभ्रा हाये.

आता हे तुम्हाले सांगा लागते. आमच्या घरात उघडी वस्तू राहातच नाई. टीव्हीले रुमाल, फ्रिजले रुमाल, मिक्सरले झबलं. कलाबाई सारं हातानं भरते, दोन पोपट अन् मंधात सुस्वागतम्. मशीन आलं तवा हप्ताभर बसून तिनं त्याच्या मापाचा जाडाभरडा मांजरपाटाचा अभ्रा शिवला, तीन बाजूनं झालर, तोंड तेवढं उघडं, अन् वरतं प्लास्टिकच्या फुलायचा गुच्छा. इतकी वर्सं रुमाल पाहून पाहून मले ते दिसतच नव्हते! जानरावनं हात ठिवला तो पोपटावर. कूलर लावला तो झालरीवर. अन् मी शहाना, सारं मशीन खोलून साफ केलं, अन् अभ्रा परत नीट घालून देल्ला, झालर सरळ करून.

"वरच्या जाळीतूनच गर्मी बाहेर निंगते बाबा," धम्मदीप हासत हासत म्हने, "तुम्ही त्याले मे महिन्यात गोधडी पांघरली."

आता कलाबाईले सांगाचं कोनी, का दोष पोपटाचा हाये? धम्मदीपनं तं फोनच कट केला, हुशार पोरगं! पन तिनं मांगून सारं आयकलं होतं. आली, फुलं उचलले, अभ्रा काढला, घडी केली. मी कव्वाली लावली. एक झाली, दुसरी झाली… पंखा गप! तुम्हाले सांगतो, डोळ्यात पानी आलं माह्या. एवढं साफ गानं, मलेबी राहावलं नाई, कव्वालासंगं मीबी सुरू झालो, हात वर करून, रोज गातो तसाच. अन् कलाबाई सैपाकघरातून हळूच दारात आली.

"पंख्याले मी उगाच बोल लावला हो," ती म्हने, "तो तं इतके दिस तुमचं गानं झाकून घेत होता."

मशीन घरातच हाये. इतवारी तिच्या माहेरच्यायनं पोट भरून कव्वाल्या आयकल्या, लय खूश झाले. मलेबी आयकू आल्या, नाई म्हनत नाई. बाहेर ओट्यावर मस्त आयकू येते.