लेखकाने गप्प बसावे

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही जरा गप्प बसा!" मला? गप्प? अहो, मी दातांचा डॉक्टर आहे! आमच्या धंद्यात गप्प समोरच्याने बसायचं असतं! तो खुर्चीत आडवा, गालात कापूस, जिभेखाली नळी, आणि मी आपला बोलतोय... हवा, रस्त्यातले खड्डे, पोरीचे मार्क, शेजाऱ्याचा कुत्रा... आजवर एका पेशंटने मला मध्ये तोडलेलं नाही, तुम्हाला सांगतो. मी विचारतो, "काय, पटतंय ना?" तो म्हणतो, "आँ." झालं! एकमत!

घरी मात्र मी तोंड उघडलं रे उघडलं की बायको मिक्सर लावते. मुलगी कानात ते बोळे खुपसते आणि माझ्याकडे बघून मान हलवते, मला वाटतं पटतंय, तर ती गाण्यावर हलवत असते! म्हणजे माणूस मनातलं बोलायला तयार आहे, बोलण्यासारखं भरपूर आहे... पण ऐकून कोण घेतंय!

त्यात आमची ताई. माझी थोरली बहीण. ती वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे काय, तर पगार घेऊन लोकांना "शूऽऽ" म्हणायचं. त्याचा सराव तिने लहानपणी माझ्यावरच केलाय. तर एक दिवस ताईचा फोन. "हे बघ, आमच्याकडे कथास्पर्धा आहे. तुझं नाव घातलंय."

म्हटलं, "अगं ताई, विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू तासभर उत्तर दिलं असतंस. बोलून बोलून आमचे कान किटवलेस, आता लिहून बघ. येत्या रविवारी दुपारी ये. ठेवते."

ठेवलासुद्धा! मी म्हटलं, बरं, लिहायला काय लागतं? इतकी वर्षं बोलतोय, त्यातलंच थोडं कागदावर सांडायचं. बसलो आणि सांडलं. नऊ पानं! नाव दिलं, 'एका दंतवैद्याचं मनोगत'. बायकोला म्हटलं, "ऐकतेस का?" मिक्सर.

रविवारी गेलो. वाचनालयाचा वरचा मजला, लहान मुलांचा विभाग. खुर्च्या एवढ्याशा! बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. स्पर्धेत तिघातिघांचे गट केलेले, आणि प्रत्येकाची गोष्ट गटातल्या दुसऱ्याने मोठ्याने वाचायची, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, आणि... नीट ऐका हं... ते बोलत असताना लेखकाने गप्प बसावे! असं भिंतीवर चिकटवलेलं होतं. ताईच्या अक्षरात. मी म्हटलं, "हा नियम खास माझ्यासाठी केलायस." ती म्हणाली, "शूऽऽ."

आता माझा गट ऐका. एक बाई होत्या अग्निशमन दलातल्या. उंच, ताठ, मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. त्यांना सगळे 'बंबवाल्या बाई'च म्हणत, त्यांचीही हरकत नव्हती. दुसरे एक आजोबा, रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले. ते बातमीवाले आजोबा. काय आवाज हो! त्यांनी "पंखा जरा कमी करता का?" असं विचारलं तरी वाटायचं, कुठलंतरी सरकार पडलं.

माझं मनोगत आजोबांनी वाचलं. तुम्हाला सांगतो, स्वतःची नऊ पानं त्या आवाजात ऐकताना माझेच डोळे भरून आले. वाटलं, बक्षीस घरी पोचवतील का आपण न्यायचं? आजोबा थांबले. मग बंबवाल्या बाई म्हणाल्या, "यांचा आवाज काढून टाका. मग काय उरतं?"

मी म्हटलं, "अहो, त्याचं काय आहे..."

"शूऽऽ!" ताई. पुस्तकांच्या कपाटामागून!

बाई म्हणाल्या, "पाचव्या पानापर्यंत दात दुखतोय हेच कळत नाही. आमच्याकडे फोनवर कुणी एवढं बोलला असता तर इमारत गेली असती." आणि आजोबा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, यात पेशंट एकदाही बोलत नाही. त्याला नेमकं काय होतंय?" अरे, काय होतंय म्हणजे? दाढ दुखतेय! मला सगळं सांगायचं होतं, अगदी पहिल्यापासून, पण तोंडाला कुलूप! पाणी प्यायलो. दोन ग्लास. माणूस आतून फुटायला आलाय... पण ऐकून कोण घेतंय!

म्हटलं, आता तुमचं बघू! आजोबांची गोष्ट. आयुष्यभर ठळक बातम्या आधी वाचलेला माणूस, पहिलंच वाक्य, 'या कथेत नायकाचा मृत्यू होतो, नायिका परदेशी जाते आणि घर विकलं जातं.' संपलं! पुढची सहा पानं आम्ही कशाला वाचायची? मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तर दरवाजातच निरोप दिलात!" ते कसनुसे हसले. नंतर जिन्यात म्हणाले, "घरी एकटाच असतो हो. लोक ऐकता ऐकता उठून जातील अशी भीती वाटते, म्हणून सगळं आधीच सांगून टाकतो." मी... मी! ...काही बोललो नाही. जिना उतरलो दोघं. हळूहळू.

आणि बंबवाल्या बाईंची गोष्ट किती? चार ओळी! मीच वाचली. 'स्वयंपाकघरात आग लागली. आम्ही विझवली. कुणाला इजा झाली नाही. घरातल्या बाईंनी चहा विचारला.' मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं. म्हटलं, "पुढे?" तर बाई गप्प. नियमच ना! लेखकाने गप्प बसावे! माझ्यासाठी केलेला नियम, आणि वापरतंय कोण, तर जिला मुळात बोलायचंच नाही ती!

त्या दिवशी निघताना खाली दारापाशी मी बाईंना गाठलं. आता खरं म्हणजे मला माझ्या नऊ पानांची बाजू मांडायची होती, तयारी करूनच गेलो होतो. पण तोंडातून निघालं भलतंच. "बाई, जळलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी चहा कसा काय विचारला हो?"

आणि थांबलो. का थांबलो ते विचारू नका, बहुतेक श्वास घ्यायला थांबलो असेन. पण तेवढ्यात त्या बोलायला लागल्या! म्हणाल्या, "विचारला. भिंती काळ्या, खाली घोटाघोटा पाणी, आणि ती बाई म्हणाली, बसा, चहा टाकते. नळ सोडला, तर नळाला पाणी नाही, पाइप तडकला म्हणून आम्हीच बंद केलेलं. मग तिने फळीवरून एक कप काढला. काळा झालेला. बाहीने पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय... म्हणजे तिला कळत होतं हो सगळं. पण घरात माणसं आलीत, तर त्यांना काहीतरी विचारायला हवं ना."

म्हटलं, "मग?"

"मग काय? मी नको म्हणाले. ड्यूटीवर होते." जायला वळल्या, परत फिरल्या. "दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं मला? नुसता तो कप हातात घ्यायचा होता."

मला खूप सुचत होतं बोलायला. तुमची चूक नाही, नियम म्हणजे नियम, माझ्याकडेही एकदा एक पेशंट... सगळं जिभेच्या टोकावर! गिळलं. म्हटलं, "बाई, हे लिहा."

"हे कोण वाचणार?"

"मी वाचतो. आणा तुम्ही."

पुढच्या रविवारी गोष्ट सुधारून आणायची होती, तर बाई सहा पानं घेऊन आल्या! आजोबांनी वाचली, आणि मजा म्हणजे या वेळी आजोबांचा आवाजच कुणाच्या लक्षात आला नाही. गोष्टच ऐकू येत होती. ताई कपाटामागून बाहेर येऊन उभी.

आता पंचाईत पुढे. अंतिम फेरीत प्रत्येक गटाची एकच गोष्ट. गटातच मत द्यायचं, स्वतःला सोडून. आजोबांनी बाईंना दिलं. बाईंनी, काय दयाबुद्धी झाली कोण जाणे, मला दिलं! म्हणाल्या, "नऊपैकी सहा पानं काढली तर बरी आहे." म्हणजे एक मत बाईंना, एक मला, आणि राहिलो मी. मी जर आजोबांना दिलं असतं ना, तर तिघांना एकेक, बरोबरी, मग चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीत काय, माझंही नाव येऊ शकतं! खोटं कशाला बोलू, पेन तिकडे वळलं होतं. आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा काढलं. मग तो कप डोळ्यांसमोर आला. खोडलं. बाईंचं नाव लिहिलं. बरं, एवढा मोठा त्याग केला, तो कुणाला तरी सांगावा की नाही? घरी येऊन सांगायला लागलो... मिक्सर! पण ऐकून कोण घेतंय!

अंतिम फेरी. खाली मोठं सभागृह, परीक्षक, माणसं खच्चून भरलेली. बाईंची गोष्ट आजोबा वाचणार हे ठरलेलं. आणि सकाळी आजोबा माझ्या दवाखान्यात हजर, गाल धरून! दाढ ठणकत होती, रात्रभर सोसलं होतं बिचाऱ्यांनी. मी म्हटलं, आजोबा, काही काळजी करू नका, आत्ता आराम पडतो. भुलीचं इंजेक्शन दिलं, दाढ साफ केली, तात्पुरती भरली, सगळं कसं झकास. आणि आजोबा उठून मला म्हणतात, "दॉत्तरथायेब, माथा ओथ तुथे देला?"

ओठ कुठे गेला! अहो, ओठ तिथेच होता, पण बधिर! चांगले दोनतीन तास! आणि कार्यक्रम अर्ध्या तासावर! ज्या माणसाचा आवाज अख्ख्या देशाने ऐकला, त्याचं तोंड मी बंद केलं. स्वतःच्या हाताने! तसाच त्यांना घेऊन सभागृहावर गेलो. बाई काय म्हणतील? बाईंनी आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आग बघितल्यावर बघत असतील तसं. म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही वाचा. जेवढं लिहिलंय तेवढंच."

चढलो व्यासपीठावर. समोर एवढी माणसं, हातात माइक, तोंडात कुणाच्या कापूस नाही... आणि मला माझं एकही वाक्य बोलायचं नाही! वाचायला लागलो. काळ्या भिंती आल्या, कोरडा नळ आला, बाही कपावर फिरायला लागली, आणि मी वर बघितलं तर कुणी खोकत नव्हतं. ताई पहिल्या रांगेत, तिला "शूऽऽ" म्हणायला एक माणूस सापडेना! माझी मुलगी आली होती, तिच्या कानात काही नव्हतं. शेवटचं वाक्य वाचलं, 'मी नको म्हणाले.' आणि तुम्हाला सांगतो, माझ्या घशाशी चारपाच वाक्यं दाटून आली, लोकांना समजावून सांगायला, की बघा, या बाई खरोखरच्या आहेत, त्या तिथे बसल्यात... नाही बोललो. कागद मिटला, खाली उतरलो. सगळे ऐकत होते हो. आणि मी गप्प होतो!

बक्षीस? उत्तेजनार्थ! पहिलं बक्षीस गेलं एका तळ्याच्या गोष्टीला, त्यात पंधरा मिनिटं नुसतं तळं होतं. परीक्षक म्हणाले, "अहाहा, काय ती स्थिरता!" असो. बंबवाल्या बाईंनी प्रमाणपत्राची घडी करून खिशात घातली, माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आभार मानणार. म्हणाल्या, "शेवटच्या पानावर एक 'अहो' होता. तो माझा नाही." मग हसल्या. पहिल्यांदाच पाहिलं त्यांना हसताना. पुढचा एक दात थोडा वाकडा आहे, पण मी सांगितलं नाही. बघा, किती सुधारलो!

स्पर्धा संपली, रविवार काही सुटला नाही. आता आम्ही तिघं आजोबांच्या घरी जमतो. ते हल्ली शेवट शेवटपर्यंत लपवून ठेवतात, इतका की मागच्या गोष्टीत खून कुणी केला ते अजून आम्हाला कळलेलं नाही. ताई येते, कोपऱ्यात बसते, फुकटात "शूऽऽ" करते. बरं चाललं होतं सगळं.

तर काल बंबवाल्या बाईंचा फोन. "डॉक्टर, नवीन स्पर्धा आलीय. तिघांची नावं दिली."

म्हटलं, "अहो, विचारायचंत तरी!"

"ताई म्हणाल्या, विचारू नका. गोष्ट शंभर शब्दांत लिहायचीय. माझी झालीसुद्धा. ठेवते."

शंभर शब्द! अहो, शंभर शब्दांत माझा नमस्कार तरी होतो का?